आवड आहे ना, मग पैसे कशाला?

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, पाय ठेवायला जागा नसते. दोन्ही बाजूंना मांडव. त्यांत बांबू आणि तणसाचे सांगाडे, काहींवर मातीचा पहिला हात चढलेला, काही वाळून रंगाची वाट पाहत असलेले. सगळीकडे ओल्या मातीचा वास, आणि प्रत्येकाच्या मनात पावसाची धास्ती. गेल्या वर्षी तिथल्या एका मूर्तिकाराजवळ मी तासभर बसलो होतो. तो डोळ्यांची आखणी करत होता. ते काम चालू असताना बोलायचं नसतं, म्हणून मी गप्प होतो. तेवढ्यात एक गृहस्थ आले. चांगल्या घरचे, बोलण्यात गोड. चार फुटांची मूर्ती त्यांना मनापासून आवडली होती. दर ऐकल्यावर म्हणाले, "भाऊ, एवढे काहून सांगून राहिले? तुमच्या हातात तर कला आहे. कलेचे कोणी पैसे मोजते का? आवडीनंच करता ना तुम्ही?"

मूर्तिकारानं ब्रश खाली ठेवला, मूर्तीकडे पाहिलं आणि पाचशे रुपये कमी केले.

ते गृहस्थ वाईट नव्हते. आपण जे बोललो ते कौतुकच होतं, असं त्यांना खरोखर वाटत असणार. पण घरातली मोटर दुरुस्त करायला आलेल्या मिस्त्रीला हेच गृहस्थ असं म्हणणार नाहीत. डॉक्टरला नाही, वकिलाला नाही. ज्याच्या कामात जीव ओतलेला दिसतो, त्याच्याकडेच आपण सूट मागतो. माणसाची आवड आपल्याला दिसली की ती त्याच्या मजुरीतून कापून घ्यायची आपल्याला सवय लागली आहे. आवडीच्या कामावर पोट भरता येतं का, या प्रश्नाची चर्चा नेहमी त्या माणसाच्या हिमतीपाशी येऊन थांबते. मला ती आपल्या, म्हणजे पैसे देणाऱ्यांच्या, बाजूनं करायची आहे.

आधी त्या पाचशे रुपयांचा हिशेब पाहू. समजा, मूर्तीचे दहा हजार ठरले. माती, तणस, बांबू, सुतळी, रंग, मांडवाचं भाडं आणि दोन मदतनिसांची मजुरी यांत सहा-सात हजार सहज जातात. उरलेल्या तीन-चार हजारांत मूर्तिकाराचे स्वतःचे दिवस, त्याची नजर, त्याच्या बापाकडून आलेला हात. आता पाचशे कमी करा. मातीवाला कमी घेत नाही, रंगाचं दुकान कमी घेत नाही, मदतनीस संध्याकाळी रोख घेऊन जातो. म्हणजे ते पाचशे फक्त त्या तीन-चार हजारांतून जातात. गिऱ्हाइकाला वाटतं, पाच टक्केच तर कमी केले. मूर्तिकाराच्या मजुरीत ती कपात साडेबारा टक्क्यांपासून जवळजवळ सतरा टक्क्यांपर्यंत जाते. बारा महिन्यांची कमाई तीन-चार महिन्यांत करायची असते. गणपती, मग दुर्गा, मग दिवाळीच्या लक्ष्म्या. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकानं पाचशे कापले, तर पुढच्या वैशाखात ते घर काय खातं?

साच्यातून निघणाऱ्या पीओपीच्या मूर्तीचा दर गिऱ्हाइकाच्या डोक्यात बसलेला असतो, हेही खरं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं मे २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत पीओपीला मनाई केली, पुढे न्यायालयात बरंच काही घडलं. पण भाव पाडण्याचं काम त्या साच्यानं कधीच करून ठेवलं होतं.

हे मला इतकं लागतं, त्याचं कारण घरातलं आहे. माझे बाबा बोर्ड रंगवत. इतवारीतल्या कापडाच्या दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, निवडणुकीत भिंती. जस्ताचा पत्रा घासून, अस्तर मारून, वाळवून, मग खडूच्या दोरीनं रेघ मारायची. एक टोक बाबांच्या हातात, दुसरं माझ्या. ते दोरी मधोमध चिमटीत धरून ओढायचे आणि सोडायचे. पत्र्यावर पांढरी रेघ उमटायची. तीच शिरोरेघ. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लोंबकळतं, असं ते म्हणत, म्हणून ती रेघ चुकली की सगळं कुटुंबच वाकडं. 'श्र' काढताना त्यांचा श्वास रोखलेला असायचा. पूर्ण झालं की ते रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहत आणि तिथून पाहत. त्या दोन मिनिटांत त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते नंतर मला कुठल्याच माणसाच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ दिसलं नाही.

दर फुटावर ठरायचा. आणि ठरलेला दर मिळणं ही वेगळी गोष्ट होती. एका शाळेच्या आवारभिंतीवर त्यांनी आठ दिवस उन्हात सुविचार लिहिले. त्याच भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गवंडी प्लास्टर करत होता. गवंड्याला रोज संध्याकाळी मजुरी मिळायची. बाबांना शेवटच्या दिवशी सांगितलं गेलं की रंगाचे पैसे घेऊन जा, बाकी शाळेचं काम आहे, तुम्हाला तर आवडच आहे. बाबा रंगाचे पैसे घेऊन घरी आले. ते रागावले नाहीत. 'आवड आहे' हे त्यांना नाकारता येईना, आणि ते नाकारलं नाही की पुढचं बोलता येईना. या वाक्याची खरी ताकद हीच आहे. ते ऐकणाऱ्याला खोटं बोलल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

मग ते आठ दिवस कोणी भरले? आईनं. तिचं शिलाई मशीन रात्री अकरापर्यंत चालायचं. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश. तिला शिलाईची आवड होती का, हे आम्ही तिला कधी विचारलं नाही, आणि याची मला आज लाज वाटते. बाबांच्या अक्षरांवर त्या शाळेनं जी सूट घेतली, ती आईच्या डोळ्यांतून वसूल झाली. आवडीच्या कामाला कमी पैसे दिले की ते पैसे हवेत विरत नाहीत. ते कोणीतरी भरतंच, आणि बहुतेक वेळा ते घरातली बाई भरते. कलावंताच्या त्यागावर आपण भाषणं खूप ऐकली आहेत. त्या त्यागाचे हप्ते कोणाच्या नावावर पडले, हे त्या भाषणांत येत नाही.

पुढे फ्लेक्स आला आणि पाट्यांचं काम दोन-तीन वर्षांत संपलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, तंत्र बदलतं. या शहरानं यापेक्षा मोठे बदल पाहिले आहेत. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये इथे सुरू झाली. आज तिच्या जागेवर मॉल आहे. हातमागावर पोट असलेल्या कोष्टी-हलबा कोष्टी घरांतले माग थंडावले, आणि त्याच घरांच्या चुलीवरचं तिखट रस्स्याचं जेवण सावजी भोजनालयांतून सगळ्या शहराचं झालं. त्या बायका-माणसांना कोणी विचारलं नव्हतं की तुमची आवड काय. काम हातात आलं, ते चांगलं केलं, आणि त्यात जीव गुंतला. आवड आधी आणि काम नंतर, असाच क्रम असतो हे मला मान्य नाही. पुष्कळांना काम करता करता आवड लागते. हे सांगतो आहे ते एवढ्यासाठी, की 'आवडीचं काम' हा फक्त सुखवस्तू घरांतला विषय नाही. ज्याला कामात गोडी वाटते असा प्रत्येक सुतार, शिंपी, आचारी या प्रश्नात आहे. तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी घडवणाराही आहे.

आता हिमतीच्या सल्ल्याकडे येतो. मुलांच्या कार्यक्रमांत, समारंभांत पाहुणे सांगतात, 'जे मनापासून आवडतं तेच करा, पैसा मागून येईल.' पैसा मागून येतो हे काहींच्या बाबतीत खरं आहे. पण तो येईपर्यंतची वर्षं कोण चालवतं, हे त्या वाक्यात नसतं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये महिला बुद्धिबळाचा विश्वचषक जिंकला, कोनेरू हम्पीसारख्या खेळाडूला हरवून, आणि त्याच विजयातून ती ग्रँडमास्टर झाली. सगळं शहर विमानतळावर लोटलं, आणि लोटायलाच हवं होतं. राज्य सरकारनं तिला ३ कोटी रुपये दिले, तेही योग्यच. तिची बुद्धी आणि मेहनत तिची स्वतःची आहे, त्यात वाटेकरी कोणी नाही. पण तिचे आई-वडील डॉक्टर आहेत, हेही आपल्याला माहीत आहे. बुद्धिबळात प्रशिक्षक लागतो, परदेशातल्या स्पर्धा लागतात, मुलीबरोबर एका पालकाला महिनोन्महिने फिरावं लागतं. हे सगळं बक्षिसाच्या आधी लागतं. तितकीच तीक्ष्ण दुसरी एखादी मुलगी याच शहरात, याच वर्षी, एखाद्या ऑटोचालकाच्या घरी जन्मली असेल, तर तिच्या हिमतीला आपण काय देऊ केलं? जिंकल्यानंतर बक्षीस देण्याइतकी उदारता आपल्यात आहे. जिंकण्याच्या आधीच्या दहा वर्षांसाठी काही नाही.

दुसऱ्या टोकाला म्हातारपण. राज्य सरकार ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन देतं. ते वाढवून एवढं झालं, याचं मला बरं वाटतं. पण सुरुवातीला काही नाही, शेवटी ५,०००, आणि मधल्या तीस-पस्तीस वर्षांत टाळ्या. ही मधली वर्षंच तर आयुष्य असतात. शाल-श्रीफळ घेऊन घरी आलेल्या तबलजीच्या घरी तीस शाली असतात आणि गॅस सिलिंडर उधारीवर असतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते ऐकून घ्यायला हवं. बाजार जे देईल ते घ्यावं. कोणाच्या आवडीचा खर्च समाजानं का उचलावा? कोणी कविता करतो म्हणून त्याला पगार द्यायला कर भरायचा का? प्रश्न रास्त आहे. माझंही म्हणणं असं नाही की आवड आहे म्हणून पैसे द्या. आवड आहे म्हणून पैसे कापू नका, एवढंच मी म्हणतो. तुम्हाला मूर्ती नको असेल, तर घेऊ नका. गाणं ऐकायचं नसेल, तर बोलावू नका. पण हवं असेल, तर त्याचा दर द्या. हे बाजाराच्या विरुद्ध नाही, हाच तर बाजार.

आणि दर ठरलेला असला की काय होतं, याचं उदाहरण नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट मैदानावर आहे. विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकला: २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. त्या संघातली मुलं लहानपणी आवडीखातरच खेळायला लागली असणार. २०२१ पासून रणजीत चाळीसपेक्षा जास्त सामने खेळलेल्या खेळाडूला दिवसाला ६० हजार, अगदी नव्या खेळाडूलाही ४० हजार रुपये मिळतात. दर छापलेला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. कोणी म्हणत नाही की बाळा, तुला खेळायला आवडतं ना, मग चार हजारांत खेळ. हा पैसा प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो, म्हणजे शेवटी पाहणाऱ्यांकडूनच. क्रिकेट हा अपवाद आहे, सगळ्या कलांना तेवढा पैसा मिळणार नाही, हे मला कळतं. रकमेची बरोबरी मी करत नाही. दर आधी ठरलेला आणि उघड असणं, हे मात्र कोणालाही करता येण्यासारखं आहे.

ते करून दाखवलं आहे झाडीपट्टीनं. नागपूरपासून पूर्वेकडे निघालात की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा धानाचा मुलूख, हीच झाडीपट्टी. दिवाळी आटोपते, धान कापून होतं, बांध्या मोकळ्या होतात आणि गावागावांत शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, मंडई म्हणजे गावची जत्रा, आणि नाटक यांचे दिवस येतात. वडसा म्हणजे देसाईगंज हे या नाटकांचं मोठं ठाणं. तिथे नाट्य कंपन्यांची कार्यालयं आहेत, बाहेर नाटकांच्या नावांचे रंगीत फलक. गावातली पोरं येतात, नाटक ठरवतात, इसार म्हणजे आगाऊ रक्कम देतात आणि तारीख घेऊन जातात. मग गावात मांडव पडतो, तिकीट लागतं. सासरी गेलेल्या लेकी त्या दिवशी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून लोक बसतात, पैसे देऊन.

माझा भाचा या कंपन्यांपैकी एकीत ऑर्गन वाजवतो. नागपुरात त्यानं संगीत शिकलं, बारा-पंधरा वर्षं. इथे त्याला बोलावणी यायची ती अशी: "जरा अर्धा तास वाजवशील का, तुझंही नाव होईल." झाडीत गेल्यावर पहिल्याच दिवशी त्याला विचारलं गेलं, "नाइट किती घेणार?" नाइट म्हणजे एका प्रयोगाचे पैसे. नटाची नाइट, नटीची नाइट, तबल्याची, ऑर्गनची. ज्याची त्याची ठरलेली. तो मला म्हणाला, "मामा, माझ्या वाजवण्याची किंमत मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारली, आणि समोरच्या माणसाला त्याचं काहीच वाटलं नाही." त्याच्या आवाजात जो सुटकेचा भाव होता तो मी विसरलेलो नाही.

मी झाडीपट्टीला देव्हाऱ्यात बसवत नाही. हंगाम चार-पाच महिन्यांचा, उरलेलं वर्ष शेती किंवा मजुरी. रात्रभर प्रयोग करून पुढच्या गावाला जीपनं जायचं, रस्ते जंगलातले. आजारी पडलं की नाइट गेली. करोनात हंगाम बुडाला तेव्हा या लोकांच्या मागे ना फंड होता, ना विमा. नाटकांच्या दर्जाबद्दल, मध्येच घुसवलेल्या नाचांबद्दल खुद्द झाडीतलीच माणसं कळकळीनं भांडतात. हे सगळं आहेच. तरीही ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा कितीतरी कमी पैसा आहे, ती धानउत्पादक गावं इसार देऊन नाटक बोलावतात आणि तिकीट काढून पाहतात. इकडे शहरात चारचाकीतून येणारा माणूस 'पास आहे का' विचारतो. गडचिरोली जिल्ह्यातले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा मला आनंद झाला. पण त्यांच्या रंगभूमीला जगवलं ते तिकीट काढणाऱ्या हजारो माणसांनी.

शहरातल्या फुकट कार्यक्रमांबद्दल थोडं. हिवाळ्यात नागपुरात मोठे महोत्सव होतात, बाहेरचे नामवंत येतात, प्रवेश विनामूल्य असतो. गरीब माणसालाही मोठा गायक ऐकायला मिळतो, ही त्यातली चांगली बाजू मी नाकारत नाही. पण फुकटाची सवय लागलेला श्रोता पुढच्या आठवड्यात शंभर रुपयांचं तिकीट काढून गावातल्या गायिकेला ऐकायला जात नाही. आणि त्या मोठ्या मंचावर सुरुवातीची वीस मिनिटं ज्यांना मिळतात, त्या स्थानिक मुलांना बरेचदा संधी हेच मानधन म्हणून सांगितलं जातं. संधीनं पेट्रोल भरता येत नाही.

आता मला दुसऱ्या बाजूनं बोलायचं आहे, कारण माझं स्वतःचं आयुष्य त्या बाजूला गेलं. मी अक्षरांवर पोट भरलं नाही. बाबांचं पाहिल्यावर आईनं मला शपथ घालून कॉमर्सला घातलं आणि मी एका कार्यालयात हिशेब विभागात तीस वर्षं काढली. अक्षरं रविवारी. मला याचं दुःख नाही. आवडीच्या कामावरच पोट भरायला हवं, नाहीतर तुम्ही स्वतःशी गद्दारी केली, ही हल्लीची समजूत मला पटत नाही. कवी ग्रेस नागपुरात मराठी शिकवत, नाटककार महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवत. कविता आणि नाटक यांवर त्यांचं घर चालत नव्हतं, म्हणूनच कदाचित त्यांना एकही ओळ कोणाच्या मर्जीसाठी लिहावी लागली नाही. ठरलेल्या वेळी संपणारी नोकरी आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार, ही आवडीला मिळू शकणारी फार मोठी देणगी आहे.

आणि ती नसली की काय होतं, तेही याच शहरानं पाहिलं. गजानन माधव मुक्तिबोध, घरात मराठी बोलणारे हिंदीचे थोर कवी, १९४८ पासून दहाएक वर्षं नागपुरात होते. सरकारी माहिती खातं, आकाशवाणी, साप्ताहिक, एकामागून एक कामं. सगळी तुटपुंजी, घरात कायम ओढाताण. १९५८ मध्ये राजनांदगावला प्राध्यापकी मिळाली, तेव्हा कुठे थोडी स्थिरता आली. १९६४ मध्ये ते गेले, शेहेचाळिसाव्या वर्षी. त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह ते गेल्यानंतर निघाला. दारिद्र्यात प्रतिभा फुलते असं म्हणणाऱ्या माणसानं हे साल आणि हे वय एकदा मनाशी उच्चारून पाहावं.

पण ग्रेसांना, एलकुंचवारांना जी नोकरी मिळाली ती आज कुठे आहे? महाविद्यालयांत कायम जागा भरल्या जात नाहीत. सेट-नेट झालेली, पीएचडी केलेली मुलं तासिका तत्त्वावर शिकवतात. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्ट्यांचे नाहीत, आणि जे आहेत तेही वेळेवर नाहीत. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी शिकवणी. यांतल्या कोणाला रात्री नाटक लिहायचं असेल तर त्यानं ते कशाच्या बळावर लिहायचं? आणि इथेही तेच वाक्य वेगळ्या कपड्यांत ऐकू येतं: शिकवणं हा तर तुमचा ध्यास आहे ना? शाळांचं तसंच. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी शंभरापेक्षा जास्त मुलं असतील तर कलेला, खेळाला आणि कार्यानुभवाला शिक्षक द्यायला सांगितलं आहे, पण अर्धवेळ. गणिताचा शिक्षक पूर्णवेळ, चित्रकलेचा अर्धवेळ. चित्र शिकवणाऱ्याचं पोटही अर्धंच असतं, असं कायदा करणाऱ्यांनी धरून चालावं, याचा मला राग येतो. आपल्या सगळ्यांची समजूतच त्या कायद्यात उतरली आहे.

सरकारी योजना नाहीत असं नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली. वर्षपूर्तीचा कार्यक्रम आपल्या शेजारी वर्ध्यातच झाला. अठरा कारागिरी त्यात आहेत: कुंभार, मूर्तिकार, सुतार, शिंपी, न्हावी वगैरे. अवजारांसाठी १५,००० रुपये, पाच टक्के व्याजानं आधी एक आणि मग दोन लाख कर्ज. अवजारांचे पैसे कामाचे आहेत. पण कर्ज हे उद्या जास्त कमाई होईल या भरवशावर घ्यायचं असतं. ज्याचं गिऱ्हाईक प्रत्येक मूर्तीमागे पाचशे कापणार आहे, त्याला कर्ज देऊन तुम्ही त्याच्या डोक्यावर हप्ता ठेवता. सरकार, महापालिका, शाळा हीच मुळात मोठी गिऱ्हाइकं आहेत. भिंती रंगवून घेतात, पथनाट्यं करून घेतात, स्वागताला ढोल-लेझीम बोलावतात. त्यांनी कामाचा दर आधी जाहीर केला, थोडा इसार दिला आणि उरलेले पैसे महिन्याच्या आत दिले, तर नव्या योजनेची गरज निम्म्यानं कमी होईल. वडशाच्या कंपन्यांना जमतं, ते महापालिकेला न जमण्याचं कारण मला सापडत नाही.

आणि एक गोष्ट आम्हा पगारदार हौशी लोकांना लागू आहे. मी वर्षानुवर्षं ओळखीपाळखीत लग्नपत्रिकांची, मानपत्रांची अक्षरं फुकट काढून दिली. मला वाटायचं, पैसे न घेणं हा आवडीचा मोठेपणा आहे. एकदा एका तरुण मुलानं मला सांगितलं, तो अक्षरांवरच घर चालवतो, "काका, मी मानपत्राचे हजार सांगितले, तर ते म्हणाले की तमके काका तर असंच देतात करून." तमके काका म्हणजे मी. माझ्या पगारावर मी माझी आवड जोपासत होतो आणि त्याची किंमत तो भरत होता, जशी एकेकाळी आई भरायची. त्या दिवसापासून मी नियम केला. एकतर बाजारात चालतो तो पूर्ण दर घेईन, किंवा काम त्या मुलाकडे पाठवीन. ज्यांचं पोट त्या कामावर नाही, त्यांनी ते फुकट करून दर पाडू नये, एवढी शिस्त आपण हौशी लोकांनी पाळायलाच हवी.

नाली साफ करणाऱ्याला कुठे आवड विचारता, असं मला एकानं विचारलं होतं. नाही विचारत, आणि म्हणूनच तर म्हणतो की मजुरीचा आवडीशी संबंध जोडू नका. ज्याला आपलं काम नकोसं वाटतं त्यालाही कामाचा पूर्ण दाम, ज्याला ते प्राणाहून प्रिय आहे त्यालाही पूर्ण दाम. मन कोणाचं कुठे रमतं, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या एका सोसायटीच्या सचिवांचा मला फोन आला. कार्यक्रमाला माझ्या भाच्यानं वाजवावं अशी त्यांची इच्छा होती. म्हणाले, "तुमचा भाचा पैसे सांगून राहिला. घरचाच पोरगा आहे ना, थोडं समजावून सांगा त्याला." मी म्हटलं, "बरोबर सांगितले त्यानं, त्याचा दर तोच आहे. निम्मे आधी द्यावे लागतील." पलीकडे थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग ते म्हणाले, "मंडळात विचारून सांगतो."

अजून त्यांचा फोन आलेला नाही. भाच्यानं ती तारीख रविवारपर्यंत मोकळी ठेवली आहे. त्यानंतर ब्रह्मपुरीकडच्या एका गावाचा इसार तो घेणार आहे.